बालाजी, सानिकाचं वाचन राहिलं

बालाजी,

लोक विचारतात, सर गेले कसे. मी तेच तेच सांगते. ताप आला, अंगावर काढला नाही, देवरुखला डॉक्टरकडे गेला, तिथून रत्नागिरी, रत्नागिरीहून कोल्हापूर, आणि मग त्याच्या बायकोच्या, अश्विनीच्या भावाचा फोन आला. एवढं ऐकलं की समोरचा माणूस म्हणतो, "लेप्टो असणार." आणि मान हलवतो. चिखल्या झालेल्या पायांनी शेतातल्या साचलेल्या पाण्यातून चालू नये, लेप्टोचा ताप त्यातूनच शिरतो, हे इकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. तुलाही मी सांगितलं होतं. पण ज्याचं लहानपण लातूरच्या बाजूला टँकरच्या रांगेत गेलं, त्याला पाण्याची भीती बाळग म्हटलं तर त्याला ते पटणार कसं? चांगली चिऱ्यांची पाखाडी, पायऱ्यांची वाट सोडून तू मुद्दाम शेताच्या बांधावरून शाळेत यायचास. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात. मी पडवीतून ओरडायचे आणि तू हसायचास.

आता त्या बांधांवर भात पोटरीला आलंय, लोंब्या फुटायला झाल्यात. बघवत नाही मला तिकडे.

तू आलास तेव्हा मी एकटीच शाळा चालवत होते. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक मी. दुसऱ्या शिक्षकाच्या जागेवर आलेला प्रत्येक जण बदलीचे दिवस मोजत बसायचा, म्हणून तुझ्याकडूनही मी काही अपेक्षा धरली नव्हती. बायको आणि लेक गावी आईपाशी ठेवून आलेला माणूस इथे मनाने किती राहणार? तू आल्याआल्या बदलीचं विचारशील असं वाटलं होतं. तू विचारलंस कपाटाच्या किल्लीचं. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने शाळेला दिलेले टॅब त्यात होते, पडद्यावरचं प्लास्टिकही न काढलेले. कुणी फोडला तर जबाबदारी माझी, म्हणून मी ते कुलपात ठेवले होते. तू ते बाहेर काढलेस, पुसलेस, चार्जिंगला लावलेस. शाळा खोलात, रेंज शून्य. तर तू शाळा सुटल्यावर टॅब पिशवीत घालून वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, रेंजसाठी चढायला लागलास. वाडीतल्या बायका मला विचारायच्या, तुमचे सर रोज सड्यावर कोणाला फोन करायला जातात? मी म्हणायचे, सरकारला.

पोरांना तू एकेक करून पडवीत बसवायचास. समोर टॅब, त्यावर उतारा, आणि पोरगं वाचत असताना त्याचा आवाज तू रेकॉर्ड करायचास. मग ते त्यालाच ऐकवायचास. पोरांना गंमत वाटायची. मला वाटायचं, शिकवायचा वेळ मोजमापात चाललाय. तसं मी बोललेही. "तेही असेल, बाई," असं तू म्हणालास आणि पुढच्या पोराला हाक मारलीस. हे तुझं 'तेही असेल' मला फार त्रास द्यायचं. अर्धं मान्य करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग सानिकाचा नंबर आला.

ती दोन वर्षं माझ्या वर्गात होती, तू आलास त्या वर्षी तिसरीत तुझ्याकडे आली. बाप मुंबईला, घरी आई आणि आजी. गरीब स्वभावाची, खाली मान घालून बसणारी. माझ्याकडे ती धडा घडाघडा म्हणायची. तुझ्या टॅबसमोर तिने तोंडच उघडलं नाही. तू दुसऱ्या दिवशी परत बसवलंस, परत गप्प. तेव्हा तू टॅब बाजूला ठेवून तिच्या हातात तिचं जुनं पुस्तक दिलंस. तिने लगेच सुरुवात केली. बोट पुस्तकावर, आवाज स्पष्ट. फक्त बोट गाईच्या चित्राखाली होतं आणि तोंडात पावसाचा धडा होता.

तू तिला काही बोलला नाहीस. पोरं खिचडी खायला बसली तेव्हा माझ्याकडे आलास आणि हळूच म्हणालास, "बाई, सानिकाला वाचता येत नाही. तिला पाठ आहे."

मला राग आला, बालाजी. तुझ्या त्या चाचणीत सानिकाचं नाव होतं, पण निकाल माझा लागला होता. मी म्हटलं, ती लाजते, तुझ्या यंत्राला घाबरते, तू नवा आहेस. तू म्हणालास, तेही असेल.

ते होतंच. नंतर आपल्या दोघांच्याही लक्षात आलं की आपण दोघंही बरोबर होतो. तिला वाचता येत नव्हतं आणि ती घाबरतही होती. पण ते कळायला मधे बराच काळ गेला, आणि त्या काळात तुझीही एक फजिती झाली. चित्र दाखवून शब्द विचारायची चाचणी होती. चित्र ओढ्याचं. पोरं एकामागून एक सांगत गेली, पऱ्या. तू एकामागून एक चूक देत गेलास. संध्याकाळी मला काळजीने म्हणालास की पोरांना ओढा हा साधा शब्द येत नाही, उलट सगळी मिळून कसलं तरी एकच चुकीचं उत्तर देतात, कॉपी झाली की काय. मी इतकी हसले की मला खुर्चीवर बसायला लागलं. मग तुला शाळेमागे नेऊन वाहता पऱ्या दाखवला. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्यास, आणि त्यानंतर कुठलीही चाचणी आधी मला दाखवल्याशिवाय पोरांसमोर ठेवली नाहीस.

त्याच आठवड्यात तू एक विचित्र गोष्ट केलीस. स्वतःचा तास रेकॉर्ड केलास आणि मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणालास, आता माझी चाचणी घ्या. मी घरी तांदूळ निवडत ऐकलं. तू झरझर बोलत होतास, तुझ्याकडच्या बोलीत, आणि मधेमधे विचारत होतास, "आलं का ध्यानात?" पोरं एका सुरात हो म्हणत होती. त्यांच्या त्या 'हो'मध्ये काही अर्थ नव्हता, हे मला लगेच कळलं. मी तुला ते सांगितलं. तू वाईट वाटून घेतलं नाहीस, उलट सावकाश बोलायला लागलास. मग काही दिवसांनी मीच म्हटलं, माझाही एक तास घे. तुझ्यासाठी म्हणून नाही, मला उत्सुकता होती म्हणून. आयुष्यभर शिकवत आले, स्वतःला कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं तर काय, मी प्रश्न विचारते आणि श्वास घेते तेवढ्यात मीच उत्तर देते. मधे एखादं पोर तोंड उघडत असेल, पण बाई पुढे गेलेली. तेव्हापासून मी प्रश्न विचारला की पदराचं टोक मुठीत धरून थांबते. अजून थांबते. या वयात मला थांबायला शिकवणारा तू, माझ्या मुलाच्या वयाचा.

हे मी तुला कधी बोलले नाही. वर्गात बघून तुला समजलं असेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

सानिकासाठी तू वेगळा मार्ग काढलास. तिला वाचायला सांगणं बंद केलंस. टॅब तिच्या हातात दिलास आणि सांगितलंस, तुला काय वाटेल ते यात बोल, मी ऐकायला थांबत नाही. आणि खरंच अंगणात निघून गेलास. पहिल्या दिवशी तिने नुसता श्वास रेकॉर्ड केला. मग एकदा ती बोलली. तू ते ऐकून जसंच्या तसं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलंस: पऱ्याला पानी आलाय. बकरी पल्याड हाय. आजी बोलते नको जाऊस.

त्या पट्ट्या मी फळ्यावर लावलेल्या बघितल्या आणि आपलं पहिलं खरं भांडण झालं.

मी याच मातीतली. लहानपणी शाळेत 'पानी' म्हटलं की आमच्या बाई हातावर पट्टी मारायच्या आणि 'पाणी' म्हणून घ्यायच्या. मी शुद्ध बोलायला शिकले म्हणून डीएड झाले, म्हणून उभी राहिले. तुला म्हटलं, या पोरांना उद्या देवरुखच्या हायस्कूलमध्ये बसायचंय. तिथे ही 'हाय' आणि 'पल्याड' म्हणाली तर पोरं हसतील. तू काय फळ्यावर लावतोयस? तू म्हणालास की तुलाही हसले होते, अध्यापक विद्यालयात, तुझ्या बोलण्याला, वर्षभर. तुझं वर्गात उत्तर देणंच बंद झालं होतं. "बाई, आधी तिला कळू दे, की आपण बोलतो तेच कागदावर येतं. पाणी कसं लिहायचं, ते नंतर शिकवू."

"आणि नंतर राहून गेलं तर?"

पट्ट्या मात्र काढल्या नाहीस.

सानिकाने त्या पट्ट्या वाचल्या. स्वतःचंच बोलणं होतं, ते अंदाजाने म्हणता येत होतं, म्हणून तू पट्ट्यांची अदलाबदल केलीस, मग शब्द कापून वेगळे केलेस. बकरी कुठली आणि आजी कुठली, हे ती बोटाने दाखवायला लागली. एका दुपारी तिने 'आजी'तला 'जी' दुसऱ्या एका शब्दात ओळखला, जो तिने कधी बोललाच नव्हता. तू धावत माझ्या वर्गाच्या दारात आलास. वर्ग तसाच सोडून मी तुझ्यामागून गेले. तिने मला वाचून दाखवलं. फार हळू. प्रत्येक अक्षरापाशी थांबून. माझ्याकडे घडाघडा म्हणायची त्याच्या कितीतरी मागे. आणि तरी ते वाचन होतं.

पण सरकारला पाठवायच्या तुझ्या यादीत ती तेव्हाही खालच्याच स्तरावर होती. लाल रंगात. वाचणारी पोरं हिरवी. तिच्यासारखी आणखी पोरं होती. तू प्रत्येकाचं दिसलं तसं भरलंस आणि सड्यावर जाऊन वर पाठवून दिलंस. त्या महिन्यात केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेचे रंग भिंतीवर मोठे करून दाखवले. आजूबाजूच्या शाळा हिरव्यागार. आपली तांबडी, आपल्या मातीसारखी. शाळेची प्रमुख म्हणून उभं मला राहायला लागलं. चौकशी झाली, सल्ले मिळाले, मागून कुणीतरी हसलं.

परत येताना मी तुझ्या गाडीवर मागे बसले होते. संगमेश्वर स्टँडपाशी तू चहाला थांबवलंस. मी सुनावलं. म्हटलं, ही आकड्यांची लढाई आहे, पट घसरलाय, पालक पोरांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायला टपलेत, आणि तू आपल्या हाताने आपली शाळा लाल करून देतोस? बाकीच्या शाळांतली पोरं काय आभाळातून पडलीत? तू बशीत चहा ओतून तसाच ठेवलास.

"बाई, मी हिरवं केलं असतं, तर उद्या सानिकाला काय शिकवायचं, हे मला कुठून कळलं असतं?"

"आणि शाळाच राहिली नाही, तर कोणाला शिकवशील?"

तो चहा गार झाला. आपण दोघंही तसेच गाडीवर बसलो.

त्या भांडणाचा निकाल कधी लागलाच नाही. दिवाळीनंतर एका घरातल्या दोन्ही पोरांनी दाखला नेला. त्यात तुझा दोष होता, असं मी म्हणत नाही. मुळीच नव्हता, असंही म्हणत नाही. तू असतास तर हे तुझ्या तोंडावर बोलले असते, आता नाहीस म्हणून गोड करून सांगणार नाही. तुला ते आवडलंही नसतं.

पण त्या लाल रंगामुळे तू काय केलंस, तेही मी बघितलं. कोण अक्षराशी अडलंय, कोण जोडाक्षराशी, कोणाला वाचता येतं पण समजत नाही, हे तुला एकेकाचं ठाऊक होतं, आणि त्याप्रमाणे तू वर्ग फोडून गट केलेस. इयत्ता विसरून पोरं बसायची. माझ्या दुसरीतली दोन पोरं तुझ्या तिसरीत यायची आणि तुझा चौथीतला एक माझ्याकडे. त्याची लाज वाटू नये म्हणून त्याला तू माझा मदतनीस म्हणून पाठवायचास. उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा त्या चौथीतल्याने मला स्वतःहून वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. असल्या गोष्टी भिंतीवरच्या त्या रंगांत दिसत नाहीत.

या वर्षी बदलीचे अर्ज निघाले तेव्हा मीच तुझ्या मागे लागले. लेक गौरी पाच वर्षांची झाली, तिला बाप आता फोनवरच भेटतो, आता जा, असं मी सांगितलं. तू अर्ज भरलास. नंबर लागला नाही. तू हिरमुसला होतास, पण दुसऱ्या दिवशी वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीची तयारी घेऊन बसलास.

तुझा शाळेतला शेवटचा दिवस मला सगळा आठवतो. डोळे लाल होते. पोटऱ्या दुखतात म्हणालास. मी कपाळाला हात लावला आणि तुला घरी जा म्हणून सांगितलं. तू म्हणालास, दोघीजणींचं वाचन राहिलंय, तेवढं घेतो. तू एकीचं घेतलंस. दुसरी सानिका. तिला समोर बसवलंस आणि तुला थंडी भरून आली. टॅब तिच्याच हातात देऊन तू भिंतीला टेकलास. मी पाचवीतल्या पोराला वाडीतली रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षात बसताना तू तिला सांगितलंस, "तुझं सोमवारी घेऊ."

सोमवारी तू रत्नागिरीच्या दवाखान्यात होतास. मी भेटायला आले तेव्हा डोळे पिवळे झाले होते. बोलायला त्रास होत होता. मी शाळेचं काही काढायचं नाही ठरवून आले होते, आणि दुसरं काही सुचेना, म्हणून गप्प बसले. तूही गप्प. थांबायला शिकले होते ना मी. त्या दिवशी नको तितकी थांबले. बोलायला हवं होतं.

तुला तुझ्या गावी नेलं. मला तिथवर येणं जमलं नाही. शाळेत मी पोरांना अंगणात बसवलं आणि सांगितलं. लहान पोरांना नीटसं समजलं नाही. मोठी रडली. सानिका रडली नाही. ती उठून वर्गात गेली आणि आपल्या जागेवर बसली.

तेव्हापासून ती वर्गात बोललेली नाही, बालाजी. घरी बोलते, आई सांगते. बकरीशी बोलते. शाळेत नाही. चाचणीची माहिती भरायची मुदत आली तेव्हा मी टॅब घेऊन पडवीत तिच्यासमोर बसले. उतारा उघडला. ती बघत राहिली. मी थांबले. पऱ्याचा आवाज येत होता, खिचडीच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी तिला म्हटलं, बाळा, एक शब्द वाच, कुठलाही. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी परत बसवलं. तेच.

तिला मागच्या वर्षभरात काय काय यायला लागलंय, हे तुझ्यानंतर फक्त मला माहीत आहे. मी हिरवं भरलं असतं तर ते अगदी खोटंही झालं नसतं. शाळेच्या दृष्टीने बरं झालं असतं. तुझ्या कष्टांनाही न्याय मिळाल्यासारखं वाटलं असतं. मी बराच वेळ त्या चौकटीवर बोट धरून बसले. मग लाल भरलं. आज तिने वाचलं नाही, म्हणून लाल. आणि सड्यावर जाऊन पाठवून दिलं. चढताना मला दम लागला, मधे दोनदा बसायला लागलं. तू हे रोज कसं करायचास?

वर रेंज आली आणि अश्विनीचा फोन आला. आधी लागत नव्हता म्हणाली. आवाज कोरडा होता. तुझ्या कागदपत्रांचं विचारलं, मी सांगितलं. मग ती घुटमळली. म्हणाली, गौरीला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. रोज संध्याकाळी फोनवर ते तिला बोलायला लावायचे आणि मला लिहून ठेवायला सांगायचे. आता मला काही सुचत नाही बाई. काय शिकवू तिला?

मी म्हटलं, तिच्याकडे फोन द्या.

लहानसा श्वास ऐकू आला. मी विचारलं, गौरी, तुझ्या दारात काय आहे? आणि थांबले. वाऱ्यात उभी राहून, पदर आवरत. खूप वेळाने ती बोलली. तुझ्यासारखंच झरझर, शब्दाच्या शेवटी तसाच हेल काढून.

"आमच्या दारात लिंबाचं झाड हाय. लई मोठं. आज्जी त्याच्याखाली बाजेवर झोपती."

लिंबाच्या एवढ्याशा झुडपाखाली बाज कशी मावेल, म्हणून मी तिला सांगणार होते की नीट बघून सांग. तोंडात आलं होतं. मग ध्यानात आलं, तुमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब. लिंबू नव्हे. पोरगी बरोबर होती.

मी पिशवीतून पेन काढलं, कातळावर बसले, आणि ती म्हणाली तसं, हाय आणि झोपती सकट, लिहून घेतलं. मग तिला म्हटलं, "हां, गौरी. अजून काय आहे?"